संत निघाले सायकलवर

डोंगरात सायकलचा रस्ता आखायचा तर माणसाने आधी सायकलवर बसलं पाहिजे, असा काही नियम नाही. आमच्या पर्यटन कचेरीतल्या बाझिलने तो टेबलाशी बसून आखला. नकाशा टेबलावर सपाट पसरलेला असतो, त्यामुळे बाझिलच्या बोटाला कुठेही चढ लागला नाही. शिवाय बोजोलेत, म्हणजे फ्रान्सातल्या आमच्या या द्राक्षमळ्यांच्या मुलखात, एका मळेवाल्याच्या दारावरून रस्ता नेला आणि दुसऱ्याच्या दारावरून नाही नेला, तर दुसरा जन्मभर बोलत नाही. म्हणून बाझिलने कोणालाच वगळलं नाही. परिणामी तो रस्ता एकच डोंगर चार वेगवेगळ्या बाजूंनी चढतो आणि पाहुण्यांना संध्याकाळी निघाले तिथेच आणून सोडतो.

उन्हाळ्यात परगावचे हौशी प्रवासी आले. एक डच जोडपं सकाळी हसत निघालं, ते ला रोशच्या चढानंतर एकमेकांशी फक्त खुणांनी बोलत होतं. तक्रारी बाझिलच्याच कचेरीत यायच्या, आणि बाझिल त्या वाचून म्हणायचा, "लोकांना हल्ली व्यायाम नको असतो." (बाझिलचा स्वतःचा व्यायाम म्हणजे तळघराच्या पायऱ्या. त्यातही उतरताना हौसेने, चढताना नाइलाजाने.)

डिसेंबरात मळेवाल्यांची बैठक त्याच्या मोठ्या मेव्हण्याच्या, आन्सेल्मच्या तळघरात भरली. विषय एकच होता, संत व्हिन्सां. द्राक्षवाल्यांचे हे संत, म्हणजे त्यांची लाकडी मूर्ती, दरवर्षी एका घरी मुक्काम करतात आणि जानेवारीतल्या सणाला पुढच्या घरी जातात. यंदा ते बाझिलच्या घरून डोंगरापलीकडे आन्सेल्मकडे जायचे होते.

"जावईबापू," आन्सेल्म पेला भरता भरता म्हणाला, "तुम्ही स्वतः गेला आहात का हो कधी तुमच्या त्या रस्त्याने?"

"गेलोय की." (बोटाने गेला होता.)

"सायकलवरून?"

सगळं तळघर हसलं. त्या हसण्यात बाझिलची बायको ओदिलही होती, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. पेला तिसरा होता की चौथा, यावर अजून गावात वाद आहे. पण बाझिल उठून उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा संतांना मी नेतो. माझ्याच रस्त्याने, सायकलवरून."

सगळ्यांनी हातातले पेले खाली ठेवले. त्याचं कारण सांगायला हवं. संत जुन्या लाकडाचे, ठिसूळ, गावातल्या सगळ्यांहून वयाने मोठे. ज्या वर्षी मळेवाल्या पेरोदच्या आजोबांच्या हातून त्यांचा अंगठा तुटला, त्या वर्षी गारांनी सगळे मळे झोडपून काढले. आजोबा जाऊन जमाना झाला, पण पेरोदच्या नातवाला कोणी मुलगी द्यायची म्हटली की अजून अंगठ्याची गोष्ट निघते. हे सगळं बाझिलला दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ठणकत असताना आठवलं. तोवर बातमी पंचक्रोशीत पोचली होती.

सणाच्या दिवशी सकाळी ओदिलने लहान मुलांना बसवायची दोन चाकी गाडी शेजाऱ्यांकडून मागून आणली आणि ती सायकलच्या मागे जोडली. आत घोंगडीत गुंडाळलेलं, दोरीने करकचून बांधलेलं बोचकं ठेवलं. संत प्रवास करतात ते झाकलेले, आणि झाकण काढायचा मान नव्या यजमानाचा. वाटेत कोणी डोकावायचंही नाही.

"उतारावर दोन्ही ब्रेक दाब," ओदिल म्हणाली. "आणि काही झालं तरी बोचकं सोडू नकोस. दादा सोडेल."

"मला शिकवतेस?"

"शिकवायला वेळ कुठे आहे आता? सांगतेय."

ती आपल्या मोटारीने पुढे गेली आणि बाझिल धुक्यात एकटा राहिला. चढ त्याने सायकल ढकलत पार केला, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पाहायला कोणी नव्हतं. माथ्यावर पोचला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि कान गोठले होते. समोर रस्ता खाली वळत धुक्यात नाहीसा होत होता आणि डांबरावर दवाचा बर्फ चमकत होता. कडेला त्याच्याच कचेरीने लावलेली हिरवी पाटी होती. तिच्यावर बाझिलने स्वतःच सुचवलेले शब्द होते: 'सुखद उतार'.

बाझिल मनापासून घाबरला. परत फिरावं तर वर्षभर गावाचं हसणं, पुढे जावं तर मागे संत. शेवटी दोन्ही ब्रेक आवळून, ओठांत प्रार्थना पुटपुटत त्याने पाय उचलले. सायकल हळू निघाली, मग बेताने, मग तिला बाझिलचं मत विचारायची गरज वाटेनाशी झाली. ब्रेक किंचाळत होते. त्याला गारा दिसायला लागल्या. भर जुलैत अंड्याएवढ्या गारा, आडवे झालेले वेल, आणि लिओं शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलीच्या लग्नात पाहुणे कुजबुजतायत, 'हीच ना त्याची मुलगी?'

तेवढ्यात सायकल एकाएकी हलकी झाली. बाझिलला वाटलं, संत पावले.

मग डाव्या बाजूने ती दोन चाकी गाडी त्याला मागे टाकून पुढे गेली. जोडाची खीळ निसटली होती. गाडी तोऱ्यात चालली होती, घोंगडीचं टोक वाऱ्यावर उडत होतं. पुढच्या वळणावर बाझिलच्या पाटीने उजवीकडे बाण दाखवला होता, पण गाडीने पाटी वाचली नाही. ती सरळ मळ्यात घुसली, वेलींच्या तारांवर आदळली आणि उलटली.

तिथे म्हाताऱ्या लेओंतीनबाई हातात कात्री घेऊन वेलींची छाटणी करत होत्या. बाझिल सायकल टाकून धडपडत पोचला.

"बाळाला लागलं का रे?" बाईंनी विचारलं.

"बाळ नाही हो. संत आहेत."

बाई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "या वर्षीचं पीक गेलं म्हणायचं."

"असं नका बोलू, मावशी. घोंगडी जाड आहे."

"हलवून बघ."

बाझिलने बोचकं उचलून हलवलं. आतून स्पष्ट खळखळ आवाज आला.

"मी काही पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "पण कोणी विचारलं तर सांगेन बाई. खोटं बोलायचं माझं वय नाही."

गाडी तारांतच राहिली. उरलेला रस्ता सपाट होता, तरी बाझिल चालतच गेला. एका हाताने सायकल, दुसऱ्या हाताने बोचकं छातीशी धरून. पाऊल टाकलं की आत खळखळ व्हायची आणि त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. खोटं काय सांगावं हे त्याने जुळवून पाहिलं. वारा आला, हरीण आडवं आलं, संतांनीच उडी घेतली. एकही धड जमेना, आणि गावाचा बँड ऐकू येऊ लागला.

आन्सेल्मच्या अंगणात सगळा गाव जमला होता. लांब टेबलावर वाफाळणारे सॉसेज, बटाटे आणि नव्या वाइनच्या बाटल्या मांडल्या होत्या. बाझिलचा चेहरा पाहून बँड एकेक वाद्य करत थांबला. ओदिल लगबगीने पुढे आली.

"बाझिल, आधी माझं ऐक."

"नाही ओदिल. आज मला बोलू दे."

"अरे पण बोलायच्या आधी..."

"गप्प बस ना जरा," बाझिल म्हणाला. लग्नानंतर हे तो पहिल्यांदाच म्हणाला होता, त्यामुळे ओदिल आश्चर्यानेच गप्प बसली.

बाझिलने बोचकं हळूच जमिनीवर ठेवलं, हेल्मेट काढलं आणि गुडघे टेकले. त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं. "आन्सेल्मदादा, संत माझ्या हातून पडले. चूक माझी, रस्ता माझा, बढाईही माझी. शिक्षा गावाला नको, मला होऊ दे. मी सगळ्यांसमोर नवस बोलतो. संत सुखरूप असतील, तर ते या घरात आहेत तोवर मी वाइनचा थेंब तोंडाला लावणार नाही."

बोजोलेत असा नवस आजवर कोणी बोललं नव्हतं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तर डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

आन्सेल्मने बोचक्याला हातही लावला नाही. त्याने मागे वळून स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत चुलीवरच्या फळीवर संत व्हिन्सां उभे होते, धडधाकट, समोर भरलेला पेला ठेवलेला.

"सकाळीच आले," आन्सेल्म म्हणाला. "ओदिलच्या मोटारीतून, दोन गाद्यांच्या मध्ये झोपून."

बाझिलने संतांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. "मग यात काय आहे?"

"तुझ्या आईने लग्नात दिलेलं सूपचं चिनी मातीचं भांडं," ओदिल म्हणाली. "वजनाला सारखं भरलं. म्हटलं, फुटलं तर फुटू दे एकदाचं."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?"

सगळे सॉसेजकडे पाहू लागले. बाझिलला आधी हायसं वाटलं, इतकं की तो मातीतच बसून राहिला. गारा पडणार नव्हत्या, मुलीचं लग्न होणार होतं. त्या आनंदात त्याने समोरच्या पेल्याकडे हात नेला. आन्सेल्मने तो पेला हळूच बाजूला घेतला.

"जावईबापू, नवस."

"अहो, पण पडलं ते भांडं. संत तर पडलेच नाहीत."

"तुम्ही म्हणालात, संत सुखरूप असतील तर. आहेत की. भांड्याचं नाव तुम्ही घेतलंच नाही."

ते वर्ष बाझिलने पाण्यावर काढलं. दर रविवारी सगळा गाव जेवणानंतर पेले घेऊन बसे, तेव्हा करायला दुसरं काही नसल्यामुळे तो सायकल काढून आपल्याच रस्त्याने जाऊन येई. पोट सपाट झालं, गालांवर रंग आला, झोपेत घोरणं थांबलं. संत जायचा दिवस मात्र तो बोटांवर मोजत होता.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा बैठक भरली. आन्सेल्मने घसा साफ केला आणि सूचना मांडली की संतांना ही चूल मानवली आहे, पीकही चांगलं आलं, तेव्हा त्यांनी आणखी काही वर्षं इथेच राहावं. सूचना एकमताने मंजूर झाली. पहिला हात ओदिलचा वर गेला.