नऊ मुक्काम लोणार

महादेवभाऊंसमोर "जवळच आहे" असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर तोंडातली सुपारी गालात सारून ते विचारत, "मोजून पाह्यलं का?"

शेत मोजायची लोखंडी साखळी ओढण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. साहेबांनी कागदावर रेघ मारायची आणि भाऊंनी काट्याकुट्यातून साखळी ओढत तिच्या टोकाला जायचं. पेन्शन झाली तशी साखळी सुटली, मोजणं सुटलं नाही. त्यांचं पाऊल बरोब्बर अडीच फुटांचं पडे. त्यांच्या ओट्यापासून मी शिकवायचो ती शाळा त्यांच्या हिशेबानं चारशे बारा पावलं होती. मी चारशे वीस टाकतो, म्हणजे रमतगमत जातो, अशी तक्रार त्यांनी हेडमास्तरांकडे केली होती. मेडशीत मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो, हा माझा दोष.

या माणसाला पायी सहलीला जायचं होतं. मेडशी ते लोणार, बायकोला घेऊन. देवाचं निमित्त नसताना नवराबायकोनं नुसतं हिंडायला जायचं, हे गावाला चक्रमपणाचं वाटे. मूळ हौस गिरजावहिनींची. लोणारच्या तळ्याचं पाणी खारट असतं असं त्यांनी आईकडून ऐकलं होतं आणि ते एकदा जिभेवर घेऊन पाहायचं होतं. मोटरीत त्यांना उलट्या होत. शिवाय एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "तुमी सारं रान पायाखाली घातलं. मले विहिरीच्या पुढं नेलं नाई." भाऊंनी ते फार मनावर घेतलं. फार म्हणजे चार वर्षं.

आधी वही झाली. मालेगाव, शिरपूर, रिसोड करत लोणार. कुठला टप्पा किती पावलांचा, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या चिंचेखाली मुंग्या, कुठल्या गावात पाटलाचं कुत्रं मोकळं असतं, सगळं नोंदलेलं. मग सराव. रोज सकाळी पाठीला पाच शेर ज्वारी बांधून मारुतीच्या देवळाला चाळीस फेऱ्या. ओझं कमी करायचं म्हणून चुन्याची डबी घरी ठेवून चुना पानात बांधून न्यायचं ठरलं. पान सुकलं, चुना सांडला, आणि दुसरी तजवीज शोधण्यात एक उन्हाळा गेला.

आणि वाटेत मुक्काम किती, तर नऊ. धडधाकट गडी तीन-चार दिवसांत लोणार गाठतो. तुम्ही काय वऱ्हाड घेऊन निघालात का, असं मी त्यांना चिडवी. ते रागावत नसत. "मोजलेलं हाये," एवढंच म्हणत.

पहिल्या वर्षी शिरपूरपुढच्या ओढ्याला पाणी राहिलं. दुसऱ्या वर्षी विसाव्याचा आंबा कुणीतरी तोडला, म्हणून पुढचे सगळे मुक्काम नव्यानं मांडावे लागले. तिसऱ्या वर्षी आमचा आख्खा जिल्हा जागचा न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पण भाऊ मेडशीतच राहिले. दर दिवाळीनंतर वहिनी दशम्या करीत, फुटाणे भाजीत, गाठोडं बांधीत आणि आठ दिवसांनी सोडीत. त्या सहलीचा फराळ तिन्ही वर्षं मी खाल्ला. शेवटच्या वेळी डबा देताना त्या म्हणाल्या, "खा मास्तर. लोणारचं तळं काई पळून नाई चाललं." त्या हसल्या म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

चौथ्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर ताप आला आणि वहिनी तीन दिवसांत गेल्या. बसायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, बाईनं लई सोसलं. मी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. मोजून पाहिलं का, असं त्यांनी विचारलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा ती वही घेऊन ओट्यावर बसलेले दिसले. मला संताप आला. बाई गेली तरी हा माणूस कागदच काळे करतोय! मी वही ओढून घेतली आणि मास्तरच्या जातीला धरून चूक शोधायला लागलो. ती सापडलीही. मालेगावपर्यंतचीच पावलं भलती जास्त होती. मी म्हणालो, "भाऊ, यात पाऊल अडीच फुटांचं नाही. दीड फुटाच्या आसपास धरलंय."

"ते माये नाईत," भाऊ म्हणाले. "तिचे हायेत."

मग त्यांनी सांगितलं. सगळ्यात आधी महिनाभर ओट्यावर बसून त्यांनी वहिनींची पावलं मोजली होती. विहिरीपासून घर भाऊंना दीडशे पावलं पडे, वहिनींना दोनशे चाळीस. त्यावरून सगळी वाट मांडली. बायकोनं चार हात मागून धापा टाकत यायचं, ही आमच्याकडची रीत. त्यांना ती नको होती. या वेळी तिच्या पावलानं आपण चालायचं, म्हणून नऊ मुक्काम. मी तीन वर्षं चेष्टा केली ती याची.

मी वही पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

"पण चूक हाये, मास्तर. काल समजली. ते पावलं पाण्यानं भरली गुंड डोक्यावर घेऊन येतानाचे हायेत. मोकळी चालली असती तं लांब पडले असते."

"किती लांब?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

ते विहिरीच्या वाटेकडे पाहत राहिले.

"कसं सांगू? जाताना काखेत रिकामी गुंड, वावरातून येताना डोक्यावर भारा. मोकळ्या हातानं चालताना म्या तिले कधी पाह्यलंच नाई."

चार वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. मीही आठवून पाहिलं. मला ती पितळी गुंडच आठवत राहिली.