तेरावा खांब

कुणी मागितली नसताना मदत करायला जाऊ नये, असं आकडेरावांना त्यांच्या आईने लहानपणीच बजावलं होतं. पण त्या वेळी ते तिलाच स्वयंपाकघरात मदत करत असल्यामुळे त्यांचं लक्ष नव्हतं.

आकडेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून. तिथे एकदा दोन दिवसांचं ट्रेनिंग निघालं. जायचं होतं साहेबांना, पण ऐन वेळी साहेबांची दाढ दुखायला लागली आणि समोरच्या टेबलावर जो मान खाली घालून बसला होता, त्याला पाठवण्यात आलं. (मान खाली घातली की दिसत नाही, हा आकडेरावांचा जुना गैरसमज.) ट्रेनिंगमध्ये त्यांना एक सॉफ्टवेअर शिकवलं. तारखेचा रकाना माउसने ओढून एकीकडे टाकायचा, विक्रीचा दुसरीकडे टाकायचा, की पडद्यावर पटापट निळे खांब उभे राहतात. तारखेशेजारी अधिकचं एक बारीकसं चिन्ह असतं. ते दाबलं की वर्षाच्या तिमाह्या होतात, तिमाहीचे महिने, महिन्याचे आठवडे. आकडेरावांनी ते चिन्ह पहिल्यांदा दाबलं आणि ते हरखूनच गेले. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपण काही दाबलं आणि पुढे काही हललं, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं.

परत आले ते बदलूनच. सकाळी चहा घेताना म्हणायचे, "या तिमाहीत आपल्याकडे दुधाचा ट्रेंड चढता दिसतोय." ऑफिसातल्या लोकांनी त्यांचं नाव आकडेराव ठेवलं, तेही त्यांनी कौतुक समजून ठेवून घेतलं.

त्यांच्या बायकोचं बटणांचं दुकान होतं. बटणं, चेन, लेस, अस्तर, सुया, दोरे. दुकान इतकं अरुंद, की आतल्या गिऱ्हाइकाने श्वास सोडल्याशिवाय बाहेरच्याला आत येता येत नसे. पण चालत होतं छान. सारा परिसर तिला बटणताई म्हणायचा. कुणी तुटक्या बटणाचा अर्धा तुकडा आणून दाखवला तरी ताई डोळे मिटून बरोबर तोच डबा खाली काढत.

शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला म्हातारपणामुळे लेकाकडे राहायला गेला आणि त्याचा गाळा रिकामा झाला, तेव्हा ताईंच्या मनाने उचल खाल्ली. मधली भिंत काढायची, तिथे दोन शिलाई मशिनं टाकायची, लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायचे. हे स्वप्न त्यांनी लग्नाच्या आधीपासून जपलं होतं. (आकडेराव हे स्वप्न नव्हते, ते नंतर आले.) दोन्ही गाळे ज्यांचे, त्या काकांनी महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं, कारण समोरचा झेरॉक्सवालाही त्याच जागेवर डोळा ठेवून होता.

"दुसरं भाडं परवडेल का?" ताई एका रविवारी भाजी निवडताना स्वतःशीच म्हणाल्या.

प्रश्न स्वतःला विचारलेला होता. उत्तर द्यायला आकडेराव धावले.

दुकानाच्या बिलिंग मशीनमधली सगळी विक्री त्यांनी पेनड्राइव्हवर आणून ठेवलीच होती. लॅपटॉप उघडला. तारीख ओढली, विक्री ओढली. एकापुढे एक बारा खांब उभे राहिले. गेल्या वर्षभराचे बारा महिने, आणि प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा थोडा उंच. आकडेरावांचा ऊर भरून आला. मग त्यांची नजर तेराव्या खांबावर गेली, आणि भरून आलेला ऊर तसाच रिकामा झाला.

तेरावा खांब म्हणजे चालू महिना. तो शेजारच्या खांबाच्या गुडघ्यालाही लागत नव्हता.

आता तुम्ही शहाणी माणसं आहात. महिना सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि आठवड्याचा खांब आठवड्याएवढाच असणार, हे तुम्ही एव्हाना मनातल्या मनात म्हणालाही असाल. आकडेरावांनी तसलं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "मेलो!"

"काय झालं?" आतून ताईंनी विचारलं.

"काही नाही. मुंगी चावली."

विक्री कड्यावरून कोसळली होती. त्यात आता दुसरं भाडं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! आणि आत ताई गुणगुणत होत्या. मशिनं कुठल्या बाजूला ठेवली की उजेड नीट पडेल, ते बोटाने ओट्यावर आखून बघत होत्या. हिला हे कसं सांगायचं? आकडेराव माणूस म्हणून गोंधळलेले असतील, पण बायकोवर त्यांचा जीव होता. तिचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे. म्हणून त्यांनी ठरवलं, की तिला कळू न देता आपणच हे दुकान वाचवायचं. (इथे त्यांना कुणीतरी खुर्चीला बांधून ठेवायला हवं होतं.)

पहिलं काम, काकांकडून मुदत मागणं. काका अंगणात झाडांना पाणी घालत होते.

"या, या! ताईंनी ठरवलं वाटतं?"

"नाही काका. जरा थांबा. सध्या परिस्थिती नाजूक आहे."

"कुणाची?"

इथे आकडेराव अडले. दुकान बुडतंय हे गाळ्याच्याच मालकाला सांगणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं. ते नुसतेच म्हणाले, "तिला अजून कळू दिलेलं नाही."

काकांच्या हातातली झारी खाली आली. "ताईंना? कधीपासून?"

"याच महिन्यापासून. मागच्या महिन्यापर्यंत सगळं छान होतं. आता एकदम खाली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

गैरसमज इथेच दूर करता आला असता. पण बुडत्याला काडीचा आधार. आकडेरावांनी ती काडी घट्ट धरली. खोटं मात्र ते बोलले नाहीत.

"निदान मीच केलंय," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"लॅपटॉपवर."

काकांनी झारी कट्ट्यावर ठेवली. "आजकाल रिपोर्ट लॅपटॉपवरच येतात म्हणा," ते हळूच म्हणाले. "तुम्ही धीर धरा. जागेचं मी बघतो."

मग आकडेरावांनी उपाय सुरू केले. ऑफिसातल्या एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, की बटणं घ्यायची तर आमच्याकडूनच घ्या. साहेबांनी कोटाची बटणं घेतली. साहेबांकडे कोट नव्हता. शिपायाने पिशवीला चेन बसवली, मग ती उघडेना म्हणून दुसरी घेतली. एवढ्याने भागेना तेव्हा आकडेरावांनी स्वतःच्या सदऱ्यांची बटणं तोडली आणि शिपायाला पैसे देऊन बायकोच्या दुकानातून नवी मागवली. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात जात होते आणि मध्ये शिपाई चहाचे वेगळे घेत होता.

संध्याकाळी ते नवे आकडे लॅपटॉपमध्ये भरत. आणि काय आश्चर्य! तेरावा खांब वाढलेला! दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. आता तारीख पुढे सरकली की महिन्याचा खांब वाढतोच. तो काही कुणाच्या सदऱ्याच्या बटणांवर अवलंबून नसतो. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि हा कावळा भलताच आत्मविश्वासाचा होता. आरशासमोर उभं राहून आकडेराव स्वतःला म्हणाले, "जमतंय हां तुला."

महिना निम्मा सरला. एका संध्याकाळी ताई घरी आल्या त्या हातात फळांची भली मोठी पिशवी घेऊन. पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि शांतपणे विचारलं:

"अहो, मला काय झालंय?"

"तुला? काही नाही. का?"

"मी स्टुलावर चढून वरचा डबा काढत होते. काका आले आणि ओरडले, 'ताई, आधी खाली उतरा!' मला वाटलं स्टूल मोडतंय. तर त्यांनी मला धरून खाली बसवलं, फळं दिली आणि डोळे पुसले. चार दिवस बघतेय, येईल ती बाई माझा हात हातात घेते, 'काळजी घ्या हं' म्हणते आणि गरज नसताना हातभर लेस घेऊन जाते. टेलरमास्तरांनी तर हिशेबही न विचारता सगळी उधारी चुकती केली. मी म्हटलं, झालंय तरी काय तुम्हाला सगळ्यांना? तर काका म्हणाले, आम्हाला नाही, तुम्हालाच झालंय. आणि ते तुमच्या मिस्टरांच्या लॅपटॉपवर आहे. उघडा लॅपटॉप."

उघडला. पर्यायच नव्हता. आकडेरावांनी चाचरत सगळं सांगितलं, आणि शेवटी थोड्या अभिमानाने तेराव्या खांबावर बोट ठेवलं. "अगं, हा एवढासा होता. बघ माझ्या उपायांनी कुठवर आणलाय!"

ताईंनी पडद्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"पुढच्या महिन्याचा खांब कुठे आहे?"

"तो नाहीये."

"अगंबाई! नाहीच? म्हणजे दुकान बंदच पडलं म्हणायचं!"

"छे, छे! पुढचा महिना अजून आलाच नाही ना."

"असं होय. आणि हा महिना? तो संपला का?"

आकडेराव तोंड उघडून काहीतरी सांगणार होते. तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

ताई हसायला लागल्या. हसता हसता टेबलावर डोकं टेकवलं, पिशवीतलं एक सफरचंद घरंगळत खाली गेलं तरी हसतच होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणून तुमच्या सदऱ्यांची बटणं सारखी तुटत होती होय? मला वाईट वाटू नये म्हणून एवढं केलंत?"

"हो," आकडेराव बारीक आवाजात म्हणाले.

"वाईट वाटायचं ते माझं मला वाटू देत जा हो. तुम्ही ते अंगावर घेतलंत की गावभर होतं." असं म्हणाल्या खऱ्या, पण म्हणताना त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला होता. मग एकदम त्या ताडकन उठल्या. "आणि गाळा? मी आजारी म्हणून काकांनी झेरॉक्सवाल्याला देऊन टाकला असला तर?"

दोघं तसेच चपला घालून निघाले. काकांनी सगळी हकीकत ऐकली, ताईंना दोनदा नीट निरखून बघितलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"झेरॉक्सवाला कालच ॲडव्हान्स घेऊन आला होता," ते म्हणाले. "मी परत पाठवला. म्हटलं, बाई आजारी पडली म्हणून तिच्या माघारी जागा दुसऱ्याला द्यायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. ती बरी होऊन स्वतः नाही म्हणेल तेव्हा बघू. तर आता बऱ्या झालात ना? सांगा उत्तर."

"परवा सांगते," ताई म्हणाल्या. येताना रस्त्यात त्यांनी आकडेरावांना एवढंच विचारलं, की ते अधिकचं चिन्ह नेमकं कुठे असतं.

रविवारी सकाळी लॅपटॉपसमोर ताई बसल्या आणि आकडेराव शेजारच्या स्टुलावर. शिकवण्याच्या निमित्ताने ते माउसकडे हात नेत आणि ताई तो अलगद बाजूला करत. तेरावा खांब ताईंनी आधी काढूनच टाकला. "हा पुरा होईल तेव्हा बघू." मग वर्ष, तिमाही, महिना असं बघत बघत त्यांनी वारांप्रमाणे विक्री मांडली. वर्षभराचे सगळे सोमवार एका खांबात, सगळे मंगळवार दुसऱ्यात.

"रविवारी शून्य," आकडेराव म्हणाले, आणि आपलं आपणच पुढे म्हणाले, "कारण दुकान बंद असतं." ताईंनी कौतुकाने मान डोलावली.

बाकीचे खांब खांद्याला खांदा लावून उभे होते. फक्त शनिवारचा निम्म्यावर.

"शनिवारी लोकांना सुटी असते," आकडेरावांनी सिद्धांत मांडला. "बटणांकडे लक्ष नसतं."

"समोरच्या कापडवाल्याकडे शनिवारी रांग असते."

"मग लेसचा काही हंगामी प्रकार असेल."

"दर शनिवारी?" ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "शनिवारी मी घाऊक बाजारात माल आणायला जाते. मग गल्ल्यावर कोण बसतं?"

स्टूल जरासं करकरलं. शनिवारी आकडेरावांना सुटी असे. गेल्याच शनिवारी एका बाईने निळी चेन मागितली होती. त्यांनी तिला अर्धा तास निळ्या रंगाच्या मागणीचा कल समजावून सांगितला होता, आणि ती नंतर येते म्हणून गेली होती.

ताईंनी कागदावर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. "जमलं! शनिवार नुसता शुक्रवारएवढा झाला तरी नव्या गाळ्याचं भाडं निघतंय. वर थोडे उरतातसुद्धा. काकांना आत्ताच हो सांगून येते! बाजाराचं काय, तो मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीही उरकता येतो."

आकडेरावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा ऊर पुन्हा भरून आला. "म्हणजे नव्या जागेचं भाडं एका अर्थी मीच भरणार?"

"तुम्हीच," ताई चपला घालत म्हणाल्या. "दुकानात न बसून."