कसरबाईंनी पचवलेलं नाटक

एका जंगलात, मुलांनो, गाण्याची नाटकं फार होत. नाटकं म्हणजे तीनच होती, पण तीच ती वर्षभर होत. माकडांना ती तोंडपाठ झाली होती. नट चुकला की झाडावरून आधी बरोबर शब्द येई आणि मग आंब्याची कोय.

याला कंटाळून आबासाहेब गव्यांनी नवी मंडळी काढली. जी नाटकं कुणी करत नाही, तीच करायची. नाव ठेवलं 'अप्रचलित संगीत नाटक मंडळी'. आबासाहेबांना गाण्यातलं काही कळत नसे. पण ते पुढच्या रांगेत बसले की मागच्या चार रांगांना काही दिसत नसे, म्हणून लोक त्यांना नेहमी मंचावरच बसवत. संगीत मंडळीत दोन प्रकारची पदं असतात. एक गायचं आणि एक भूषवायचं. आबासाहेबांनी दुसरं घेतलं आणि ते अध्यक्ष झाले.

गायचं पद मागायला पहिली आली शेवंता टिटवी. तिला जंगलात कुणी गाऊ देत नसे. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ घडतं, असं सगळे म्हणत. शिवाय तिला सूर दोनच येत. पण तिला गायचं होतं. आयुष्यात एकदा तरी कुणी 'वन्स मोअर' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. मला ही टिटवी आवडते, हे आधीच सांगून ठेवतो.

"जुनं काही गायले की लोक म्हणतात, कोकिळाबाईंची सर नाही," ती म्हणाली. "कुणी कधी ऐकलंच नाही असं पद द्या मला, आबासाहेब. मग कशी तुलना करतील?"

"मुद्दा बरोबर आहे," आबासाहेब म्हणाले. त्यांना मुद्दा कळला नव्हता.

चिटणीस मुंगसाला वडाच्या ढोलीत एक जुनी वही सापडली. नाटकाचं नाव 'संगीत सोंडहरण'. हत्तीराजाची सोंड चोरीला जाते आणि हत्तीण शोक करते, अशी गोष्ट. पण पहिला अंक अर्धाच होता. दुसऱ्याची चाळण झाली होती. तिसऱ्यात हत्तिणीचं एक पद तेवढं धड होतं. आणि वहीच्या शिवणीत एक लठ्ठ कसर बसली होती. कसर म्हणजे कागद खाणारा किडा. हसू नका, तुमच्या वह्यांतही असेल.

"हे काय झालंय?" मुंगूस ओरडला.

"मी हे नाटक पचवलंय," कसर म्हणाली.

ती अगदी खरं बोलली होती. पण मंडळी गहिवरली.

"संपूर्ण?" आबासाहेबांनी विचारलं.

"एक पद राहिलंय. आज-उद्या होईल."

"बाकीचे नुसतं वाचतात हो!" आबासाहेबांचे डोळे पाणावले. कसरबाईंना त्याच दिवशी कलासंचालक नेमलं. आबासाहेबांनी रानभर जाहीर केलं, "आमच्या प्रयोगात कसलीही कसर राहणार नाही." कसरबाई गाशा गुंडाळू लागल्या, तेव्हा मुंगसाने त्यांना ही नुसती बोलायची पद्धत आहे म्हणून समजावलं.

तालमी सुरू झाल्या. हत्तीराजाचं काम रानडुकराकडे होतं.

"बाई, माझं पहिलं भाषण कसं होतं?" त्याने विचारलं.

"खुसखुशीत."

"दुसरा अंक?"

"जरा चिवट."

"आणि शेवट?"

"शेवट गोड. पुठ्ठ्याला खळ चांगली होती."

मुंगसाने हे सगळं लिहून घेतलं. नाटकांच्या परीक्षणांत याहून वेगळं काही नसतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वहीतल्या भोकांचा प्रश्न आबासाहेबांनी सोडवला. भोक आलं की नटाने गप्प उभं राहायचं. त्याला 'अर्थपूर्ण स्तब्धता' म्हणायचं.

इकडे टिटवीला दिलेलं हत्तिणीचं पद रोज लहान होत होतं. सोमवारी आठ ओळी होत्या. बुधवारी पाच उरल्या. शुक्रवारी दोन शब्द आणि एक वेलांटी.

"बाई, माझं पद!" टिटवी रडवेली झाली.

"संपादन चालू आहे," कसरबाई तोंड पुसत म्हणाल्या.

टिटवी अध्यक्षांकडे धावली. "आबासाहेब, त्या खातायत हो! माझं पद खातायत!"

"अगं, प्रत्येक संस्थेत कुणी ना कुणी कुणाचं तरी पद खातंच," आबासाहेब समजुतीने म्हणाले. "एवढं मनाला लावून घ्यायचं नाही."

पण टिटवीने ते पद पहिल्याच दिवशी पाठ केलं होतं. पाठ केलेलं कसरीला खाता येत नाही.

प्रयोग भर दुपारी ठेवला, कारण परीक्षण घुबड लिहिणार होतं आणि त्याला उजेडात दिसत नसे. रानडुक्कर आलं, "हाय रे माझी" म्हणालं आणि वीस मिनिटं स्तब्ध उभं राहिलं. कुणी हललं नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्याला कळतंय.

तिसऱ्या अंकात टिटवी हत्तीण होऊन आली. वहीत त्या जागी आता नुसतं भोक होतं.

"गप्प उभी राहा!" मुंगूस आडून कुजबुजला. "अर्थपूर्ण!"

टिटवीने समोर पाहिलं. एवढे कान तिच्याकडे कधीच लागले नव्हते. आणि ती गायली.

"ये गं सोंडे, ये गं सोंडे,
पाठ कुणी खाजवावी?"

त्या पदाला सूरच दोन होते, आणि टिटवीचेही तेच दोन. मागच्या रांगेतली एक म्हातारी हत्तीण खरोखर रडू लागली. मग झाडावरून पहिला 'वन्स मोअर' आला. कोय आली नाही. टिटवी ते पद सात वेळा गायली आणि काहीही अशुभ घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली.

"सात वेळा?" आबासाहेब गरजले.

"लोकांनी मागितलं," टिटवी म्हणाली.

"सकाळपासून झाडाझाडावर तेच चाललंय! टिटवीबाई, आपण अप्रचलित मंडळी आहोत. तुम्ही पद प्रचलित केलंत!"

टिटवीला काढून टाकलं. ती गुणगुणत नदीवर गेली. तिला फार बरं वाटत होतं, आणि खरं सांगू, मलाही.

मग कसरबाईंचा जाहीर सत्कार झाला. शाल लोकरीची होती. आबासाहेबांचं भाषण संपेपर्यंत शालही संपली. मानपत्राबद्दल बाई एवढंच म्हणाल्या, "कुरकुरीत आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : मुलांनो, कविता कधी पाठ करू नका. पाठ केली की ती म्हणावीशी वाटते, लोकांना आवडते आणि तुम्हाला घरी पाठवतात. कविता खावी. खाणाऱ्याला शाल मिळते, आणि तीही खाता येते.