फाइव्ह प्लाय खोक्यातला स्विच

दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतली बरी कोणती हे ठरवण्याची शक्ती निसर्गाने फक्त माणसाला दिली आहे. जनावराला चारा दिसला की ते खातं. माणूस आधी तीन ठिकाणचे भाव मागवतो. गुहेतल्या आपल्या पूर्वजाने हातातला दगड टाकून दुसरा उचलला, तो क्षण म्हणजे खरेदी विभागाची स्थापना. (पहिल्या दगडाने शिकार होत नव्हती ती पूर्वज डोळे मिटून फेकत असल्यामुळे, असंही एक मत आहे. त्या मताला खरेदी विभागात स्थान नाही.)

तुर्भ्याच्या एमआयडीसीतली आमची ‘सुबक पॅकेजिंग’ ही कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. वाशीच्या एपीएमसी मार्केटातले फळवाले ज्या खोक्यांत माल भरतात, त्यांतली पुष्कळशी आमची. नव्वदीच्या उत्तरार्धात सगळा देश संगणकाकडे वळला, तेव्हा मालक नंदकुमार साहेबांनीही वळायचं ठरवलं. वर ऑफिसात पाच संगणक आले, खाली डिस्पॅचला एक. हे संगणक एकमेकांशी बोलावेत म्हणून मध्ये एक छोटी पेटी बसवली. तिला हब म्हणतात.

हबला चोवीस तास वीज लागते. इथे पेच आला. ऑफिसात वीजबचतीचं परिपत्रक आहे. त्यानुसार शिपाई भगवान संध्याकाळी जाताना दिसेल ते बटण बंद करतो. संपूर्ण इमारतीत कधीच बंद न होणारा प्लग एकच होता, देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या बोर्डावरचा. तेव्हा हब देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, कापूर आणि उदबत्त्यांच्या शेजारी विराजमान झाला. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल मिळे. दुरुस्तीला येणारे इंजिनीयर चपला बाहेर काढून येत. नेटवर्कचा एवढा आब राखणारी दुसरी कंपनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात नसावी.

पुढच्या वर्षी खळ पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने साहेबांना विजेवर चालणारं आरतीचं यंत्र भेट दिलं. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा आपोआप वाजतात. भक्तांनी फक्त हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. साहेबांनी रोज पाच वाजता आरती सुरू केली. पाचच का, तर सहाला लोक घरी जातात आणि साडेपाचपासून जाण्याची तयारी करतात. हजेरी सक्तीची नव्हती. साहेब फक्त आरती झाल्यावर मागे वळून बघत.

आरतीतून सूट एकाच व्यक्तीला होती, डिस्पॅचच्या चारुलताला. संध्याकाळी मार्केटला टेम्पो सुटतात, त्यांचे गेटपास ती संगणकावर काढते. गाड्या सोडणं हीच तिची पूजा, असं साहेबांनी स्वतः ठरवून दिलं होतं.

साधारण याच सुमारास हब बिघडायला लागला. रोज पाचच्या पुढे चारुलताच्या पडद्यावरची ऑर्डर गोठे आणि गेटपास अर्धवट छापून प्रिंटर थांबे. खाली टेम्पोवाले हॉर्न वाजवत, वर झांजा वाजत. आरतीनंतर आमचे संगणक विभागप्रमुख आशुतोष (विभागात ते एकटेच असल्यामुळे प्रमुख) सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू करत, संगणकांना एकमेकांची ओळख पटायला तास-दीड तास जाई, आणि मग हब आपोआप बरा झालेला आढळे. आशुतोष याला ‘फॉल्ट क्लियर केला’ म्हणत.

या सगळ्यात चारुलताला निघायला सव्वासात होत. तिची मुलगी क्षिप्रा नेरूळला जयमालाबाईंच्या पाळणाघरात असे, आणि पाळणाघर साडेसहाला बंद होई. जयमालाबाई प्रेमळ होत्या, पण त्यांना स्वतःच्या घरचा कुकरही लावायचा असे. शेवटी त्यांनी शांतपणे सांगितलं, “अगं, तुझी पोर गुणी आहे. पण एक तारखेपासून तिची दुसरीकडे सोय बघ बाई.” दुसरीकडे सोय नव्हती. सासूबाई देवगडला, नवरा दौऱ्यावर. म्हणजे एक तारखेपासून नोकरी तरी किंवा मूल तरी, असा सरळ हिशेब होता. चारुलताने साहेबांपुढे तक्रार मांडली आणि साहेबांनी ती गांभीर्याने घेतली. म्हणजे समिती नेमली.

समितीत साहेब, आशुतोष आणि खरेदी विभागाचे वामनराव. आशुतोषनी पहिल्याच बैठकीत निदान केलं, की हब हे तंत्र जुनं झालं, आता स्विच घ्यायला हवा. फरक त्यांनी सोप्या भाषेत समजावला. हबला एक गोष्ट सांगितली की तो ती सगळ्यांना सांगतो. स्विच ज्याला सांगायची त्यालाच सांगतो. आमच्या ऑफिसातले सगळेच हब असल्यामुळे ही कल्पना पचायला वेळ लागला, पण ठराव झाला.

आता तुलना. बाजारात तीन माल होते: एक अमेरिकन, एक तैवानी, एक स्वदेशी. तिघांची माहितीपत्रकं समितीने रांगेत मांडली. माहितीपत्रकांत जे लिहिलं होतं ते वामनरावांना कळत नव्हतं, साहेबांना वाचायचं नव्हतं आणि आशुतोषना पाठ होतं. तेव्हा वस्तुनिष्ठ कसोटी हवी होती. ती साहेबांनी शोधली. माणसाची पारख त्याच्या चपलेवरून होते, तशी मालाची खोक्यावरून. तीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी तिन्ही कंपन्यांचा माल पाहायला मागवला, स्विच बाजूला काढून ठेवले आणि खोकी टेस्टिंगला पाठवली.

एवढी सखोल तुलना देशात क्वचितच झाली असेल. अमेरिकन खोक्याचा कागद अस्सल, छपाई चोख, पण पुठ्ठा थ्री प्लाय, म्हणजे तीनच थरांचा. तैवानी खोकं दिसायला नाजूक, मात्र दाबाच्या परीक्षेत अपेक्षेबाहेर टिकलं. स्वदेशी खोकं फाइव्ह प्लाय होतं, पण कोपऱ्यावर खळ कमी. (आतल्या मालाविषयी तुलनापत्रकात एक रकाना होता. त्यात तिघांपुढेही ‘आहे’ असं लिहिलेलं आढळतं.) एकूण गुणांत अमेरिका पहिली आली आणि अमेरिकन स्विच देव्हाऱ्यात बसला.

तो विकायला केयूर नावाचा तरुण आला होता. टाय, सेलफोन, हसरा चेहरा. त्याने आपला स्विच सर्वोत्तम का आहे ते सांगितलं, तैवानी माल कचरा का आहे तेही सांगितलं, देव्हाऱ्यापुढे वाकून नमस्कार केला. वामनरावांनी तुलनापत्रकात ‘वर्तणूक: उत्तम’ अशी नोंद केली.

पाच वाजता अमेरिकन स्विच बंद पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. इंजिनीयर सकाळी येत, चपला काढत, तपासत, सगळं उत्तम असल्याचा कागद देत. एकाला मुद्दाम संध्याकाळी बोलावलं. तो श्रद्धाळू निघाला, हात जोडून आरतीला उभा राहिला आणि डोळे उघडेपर्यंत बिघाड होऊन गेला होता. समितीने कारणमीमांसा केली: अमेरिकेत आपले पाच वाजतात तेव्हा पहाट असते, मालाला त्या वेळी झोपेची सवय असणार. वामनराव हे गमतीने म्हणाले होते. इतिवृत्तात ते गमतीशिवाय उतरलं.

मग तैवान. समितीने विक्रेता बदलला. सादरीकरणाला पुन्हा केयूर आला. त्याने दरम्यान नोकरी बदलली होती. तैवानी माल सर्वोत्तम का आहे आणि अमेरिकन कचरा का आहे हे त्याने त्याच हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं. सगळ्यांना हायसं वाटलं. नव्या विक्रेत्याकडे ओळखीचा माणूस असला की धीर येतो.

तैवानी स्विचही पाचला बंद पडला. एक तारीख जवळ आली. चारुलताने जयमालाबाईंकडून हातापाया पडून पंधरवड्याची मुदत वाढवून घेतली. समितीची पुन्हा बैठक झाली आणि तिने धाडसी निर्णय घेतला: फाइव्ह प्लाय. स्वदेशी कंपनीला बोलावणं गेलं. केयूर आला.

स्वदेशी स्विच बसला त्या संध्याकाळी चारुलता पाचला खालीच होती. पडदा गोठला, प्रिंटर थांबला, टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिने खुर्ची मागे सारली आणि नोकरीत प्रथमच आरतीच्या वेळी वर गेली. सगळं ऑफिस डोळे मिटून उभं होतं. नगारा वाजत होता. बोर्डावर दोनच प्लग होते. एकात देवाचा दिवा. दुसऱ्यात आरतीचं यंत्र. स्विचची पिन भगवानच्या हातात होती.

आरती संपल्यावर भगवानने यंत्राची पिन काढली आणि स्विचची लावली. रोज लावायचा तशीच.

“भगवानदादा, हे रोज करता तुम्ही?”

“रोज. दुसरं भोक हायच कुठं? देवाचा दिवा काय मी इझवनार?”

“मग कोणाला बोलला का नाहीत?”

“मना वाटलं, सगल्यांना म्हाईत हाय. सगलं तर समोरच उभं असतान.”

(हे वाचून हसणाऱ्यांनी एकदा स्वयंपाकघरात जाऊन यावं. चटणीसाठी मिक्सर लावताना कशाची पिन काढतात ते बघावं, आणि दूध नासल्यावर फ्रिजच्या कंपनीला कोण शिव्या घालतं तेही.)

दुसऱ्या दिवशी चारुलताने हे समितीपुढे ठेवलं. समितीने जुनी इतिवृत्तं काढली. मग वामनरावांनी दाखवून दिलं, की दोष पिनेचा मानला तर आतापर्यंतचे तिन्ही बदल विनाकारण ठरतात, आणि ते रीतसर तुलना करून झालेले असल्यामुळे विनाकारण असूच शकत नाहीत. आशुतोष म्हणाले, की खरा दर्जेदार स्विच असेल तर पिन काढल्याने त्याला फरक पडता कामा नये. केयूरला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या मॉडेलमध्ये ती सोय येते आहे. चारुलताने दुसरा प्लग बसवायचं सुचवलं. पण देव्हाऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही असं वास्तुतज्ज्ञाने सांगितलं होतं. वायर ओढून एक्स्टेंशन घ्यावं, तर वीजबचतीच्या परिपत्रकात एक्स्टेंशनला मनाई, आणि ते परिपत्रक साहेबांच्याच सहीचं.

चारुलताने आणखी वाद घातला नाही. बैठक संपली, बाकीचे उठले, ती दारापाशी थांबली.

“साहेब, एक विचारू? रागावू नका.”

“बोला.”

“माझ्या सासूबाई म्हणतात, लक्ष्मी यायची वेळ तिन्हीसांजेची. आपण पाचलाच आरती उरकतो. ती बिचारी सव्वासहाला येत असेल, तर आपल्या दाराला कुलूप.”

नंदकुमार साहेबांनी खिडकीतून गेटकडे पाहिलं. अमेरिकन, तैवानी आणि स्वदेशी या तिन्ही बाबतींत समितीला आठवडे लागले होते. या बाबतीत परिपत्रक चहा यायच्या आत निघालं: आरती आजपासून सव्वासहाला होईल. डिस्पॅच विभागाची सूट पूर्ववत.

त्या संध्याकाळी पाच वाजून गेले आणि काहीच झालं नाही. गेटपास छापून आले, टेम्पो मार्केटला गेले. सहाला चारुलताने पर्स उचलली. वर आशुतोष, वामनराव आणि बाकीचं ऑफिस घड्याळाकडे बघत लक्ष्मीची वाट पाहत बसलं होतं. जयमालाबाईंनी कुकर लावला तेव्हा क्षिप्रा चपला घालून आईबरोबर जिन्यात होती.

समितीने समारोपाची बैठक घेऊन निष्कर्ष नोंदवला, की फाइव्ह प्लायला पर्याय नाही. स्वदेशी कंपनीला साहेबांच्या सहीचं प्रशस्तिपत्र दिलं: ‘बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या कामाच्या वेळात हा स्विच एकदाही बंद पडलेला नाही.’ यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. केयूरने त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं. आता तो चौथ्या कंपनीत आहे, पण प्रशस्तिपत्र बरोबर नेलं आहे, कंपनीच्या नावावर अंगठा ठेवून दाखवतो. कोपरखैरण्यापासून खांदेश्वरपर्यंत पुष्कळ ऑफिसांनी ते पाहून माल बदलला. तुमच्या ऑफिसने तीन विक्रेत्यांची रीतसर तुलना केली असेल, तर पत्रकाला जोडलेली झेरॉक्स एकदा बघून घ्या.

आमचा स्विच रोज सव्वासहाला बंद पडतो. त्या वेळी सगळे समोरच उभे असतात.