सत्तेचाळीस नंबरची चरबी

“सत्तेचाळीस नंबर गुरुवारी लावायचाच,” असं डॉक्टर सिहेमनी सांगितलं, तेव्हा लझहरच्या तोंडचं पाणी पळालं. तीन महिने त्याने वेळ मारून नेली होती. एकदा नमुन्याची चिठ्ठी पुसट झाली म्हणाला, एकदा फ्रीजरचा खण अडकला म्हणाला. आता खणही उघडत होता आणि चिठ्ठीही त्याने स्वतःच नव्याने लिहिली होती. सबबी संपल्या होत्या.

सूस शहरातल्या त्या प्रयोगशाळेत लठ्ठ माणसांच्या चरबीवर संशोधन चाले. ऑपरेशनच्या वेळी काढलेला चरबीचा कण यंत्राच्या स्फटिकावर दाबायचा, त्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा, की पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ उमटे. कोणता डोंगर चढला, कोणता खचला, यावरून लठ्ठपणाने चरबीत काय बदल केला ते डॉक्टर ओळखत. मग लझहर स्पिरिटच्या बोळ्याने स्फटिक लख्ख पुसून टाकी. बावीस वर्षं त्याने हेच केलं होतं आणि कधी हात अडखळला नव्हता.

पण सत्तेचाळीस नंबर म्हणजे त्याची बायको मबरूका. पोट लहान करायचं ऑपरेशन तिने माहेरच्या नावाने करून घेतलं होतं आणि त्याला शपथ घातली होती की माझं वजन तुमच्या कचेरीत कुणाला कळता कामा नये. ऑपरेशन उत्तम झालं. सात महिन्यांनी हृदयानेच दगा दिला. चाळिसाव्या दिवशी तिच्या बहिणींनी रीतीप्रमाणे तिचे कपडे गोरगरिबांना वाटून टाकले. एवढ्या भरल्या अंगाच्या बाईचं या जगात उरलं होतं ते फ्रीजरमध्ये, मसुरीच्या दाण्याएवढं. एकदा स्फटिकावर दाबलं की तेही संपलं.

नुकतीच ईद झाली होती. घरोघरी मेंढ्याच्या शेपटीची चरबी मीठ लावून ठेवलेली. लझहरने मीठ लावायच्या आधीच दाण्याएवढा तुकडा बाजूला काढला आणि गुरुवारी गुपचूप यंत्रावर ठेवला. चरबी ती चरबी, कोण विचारतंय, असा त्याचा हिशोब.

यंत्राने मात्र विचारलं. रेघेत जिथे शेहेचाळीस जणांच्या चरबीत सपाटी होती, तिथे चांगली टेकडी उभी राहिली. डॉक्टर सिहेम खुर्चीतून उठल्याच. त्यांनी वरच्या मजल्यावरून सर्जनला बोलावलं. सर्जनने आणखी दोघांना बोलावलं. दुपारपर्यंत शोधनिबंधाचं नावसुद्धा ठरलं. लझहर कोपऱ्यात बाटल्या पुसत राहिला, पुसलेल्याच पुन्हा.

गर्दी पांगल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “ही टेकडी कशाची ते कळलं का, लझहर? मार्गारीनची, डब्यातल्या नकली लोण्याची. बाईने अर्जात लिहिलंय, फक्त ऑलिव्हचं तेल आणि घरचं लोणी. धडधडीत खोटं. डबेच्या डबे खात असणार.”

लझहरच्या कानशिलांत रक्त चढलं. शेजारणीच्या मकरूद मिठाईला मार्गारीनचा वास येतो म्हणून मबरूकाने भरली बशी परत पाठवली होती आणि पुढे दोन वर्षं त्या घराशी अबोला धरला होता. पण बोलावं तरी पंचाईत.

“तिलाच विचारते,” म्हणत डॉक्टरांनी फाइलमधला नंबर फिरवला.

लझहरच्या खिशात फोन वाजला. मबरूकाचा फोन तो रोज चार्ज करी, महिन्याच्या महिन्याला त्यात पैसे भरी. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी फोन कानाला लावून त्याच्या खिशाकडे पाहिलं. मग हळूच फोन बंद केला. खिशातलं वाजणं थांबलं.

“मार्गारीन आमच्या घरात कधी आलं नाही, डॉक्टर,” लझहर म्हणाला. “ते मेंढ्याचं आहे.”

मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या. चरणाऱ्या जनावराच्या चरबीत ती टेकडी असतेच, हे त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असत. त्यांनी सर्जनला फोन करून निबंध रद्द झाल्याचं कळवलं, कारण सांगितलं नाही. खरा नमुना लावायचा की नाही, ते त्यांनी लझहरवर सोडलं.

“लावा,” तो म्हणाला. “नाहीतर तुमच्या कागदांत माझी बायको खोटारडी म्हणून राहील.”

त्याने स्वतः तो कण आणला, स्वतः दाबला. दोन मिनिटांनी रेघ आली. शेहेचाळीस जणांसारखीच, साधी. टेकडीच्या जागी सपाटी.

“बघा,” लझहर म्हणाला, “म्हटलं नव्हतं?” आणि तो हसला. बायकोची बाजू यंत्राने घेतली होती.

मग त्याने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला आणि त्याचा हात तिथेच थांबला. स्फटिकावर एक तेलकट ठिपका होता. त्याला तो पुसवेना.

स्फटिक एक मिनिट मळका राहिला तर प्रयोगशाळा डोक्यावर घेणाऱ्या डॉक्टर सिहेमनी त्याच्या हातातून बोळा काढून घेतला. कोऱ्या कागदावर ‘यंत्र बिघडले आहे, शनिवारपर्यंत बंद’ असं लिहिलं, दाराला बाहेरून चिकटवलं आणि दार लोटून त्या निघून गेल्या. नमुने घेऊन आलेले विद्यार्थी पाटी वाचून परत गेले. आत लझहर स्टूल ओढून यंत्राजवळ बसला आणि बायको गेल्यापासून जे रडला नव्हता ते रडला.