चारी बाजूंनी एक इंच

म्हात्रे मॅडमची आणि माझी पहिली भेट कचऱ्याच्या बादलीपाशी झाली. आम्हाला नवी मुंबईत उलव्याला राहायला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी ओला कचरा घेऊन मी लिफ्टपाशी उभा होतो, तेवढ्यात समोरच्या दारातून एक ठेंगण्या बाई बाहेर आल्या. पासष्टीच्या पुढच्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या. त्यांनी माझ्याकडे न बघता आधी माझ्या बादलीत बघितलं.

"यो चीज कोनी टाकला?"

"मीच. बुरशी आली होती त्याला."

"कंच्या रंगाची? वर व्हती का आत शिरलेली? चीज नरम का टनक?"

आता, बुरशी आली की वस्तू टाकायची, एवढंच मला आयुष्यात कुणी शिकवलेलं. तिचा रंग बघायचा असतो हे नवीनच होतं. मी काही बोलायच्या आत मॅडमनी हातात प्लास्टिकची पिशवी उलटी चढवली, तो तुकडा बादलीतून उचलला आणि पर्समधून चक्क स्टीलची फूटपट्टी काढली. मग चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. लिफ्ट आली आणि गेली. शेवटी त्यांनी मान हलवली.

"वाचला असता रे. चारी बाजूंनी एक इंच कापला असतास ना, वाचला असता."

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांना सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग तुकडा परत बादलीत टाकला, कारण आता त्याला मेथीच्या काड्या लागल्या होत्या आणि केस हाताबाहेर गेली होती.

मॅडम मूळच्या इथल्याच पावणे गावच्या. त्यांच्या घरच्यांची भातशेती होती, ती कारखान्यांत गेली, आणि त्यातल्याच एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मॅडम दहावीनंतर लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागल्या. रिटायर झाल्या तेव्हा त्या लॅबच्या प्रमुख होत्या. "जिथं आमचा भात व्हता ना, तिथं माझी लॅब व्हती," असं त्या फार मजेत सांगायच्या. लग्न केलं नाही. भाऊ, भाचे पावण्यालाच. इकडे उलव्यात वन बीएचकेमध्ये त्या, त्यांचा फ्रीज आणि भिंग.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असायची. तुमच्या चीजला बुरशी आली की तुम्ही त्यांची बेल वाजवायची. त्या टेबलावर कोरा कागद पसरणार, म्हणणार, "घाई नको. पयले बघूंदे." कुणी वास घ्यायला वाकलं की हातावर फूटपट्टी बसायची. "नाकाला लावू नको! ती काय अगरबत्ती हाय?" टणक चीज असेल तर टूथपिकने रेघ मारायची, बुरशीपासून चारी बाजूंनी आणि खालीही एक इंच, आणि सुरी बुरशीला शिवता कामा नये. उरलेलं नव्या कागदात गुंडाळायचं. पनीर, स्लाइस, किसलेलं, डबीतलं मऊ चीज असेल तर मात्र दयामाया नाही, आख्खं बाद. "नरमात तिची मुलं कुठपर्यंत जातात ते आपल्याला दिसत नाय, बाला." मुलं म्हणजे मुळं, हे आम्हाला आता कळायला लागलं होतं. विमानतळ जवळच, त्यामुळे मध्येच वरून विमान गेलं की ते जाईपर्यंत सुरी हवेत थांबायची.

माझी बायको शीतल सुरुवातीला वैतागली. "माझ्या सासूबाईंनीसुद्धा माझ्या फ्रीजमध्ये एवढं डोकं घातलं नाही," असं मला ऐकवून झालं. दोन महिन्यांनी तीच बाई डबा घेऊन समोरच्या दारात उभी असायची.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाईंचा किस्सा तर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. सावंतांना त्यांच्या साहेबांनी दिवाळीला परदेशी निळं चीज दिलं. सावंतबाईंनी पुडा उघडला, आत निळ्या-हिरव्या रेघा बघितल्या आणि साहेबांच्या नावाने बोटं मोडली. पण टाकायचं जिवावर आलं. माहेर मालवणकडचं, त्यामुळे त्यांनी ते चीज मीठ लावून गॅलरीत उन्हात घातलं. वरून जाळी झाकली. संध्याकाळपर्यंत ते अर्धं वितळलं आणि वासाने चौथ्या मजल्यापर्यंतच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

मॅडमना बोलावणं गेलं. त्यांनी गॅलरीत पाय ठेवला आणि कपाळावर हात मारला. "अगो, बोंबील हायत का हे?" मग खाली बसून समजावून सांगितलं, की ही निळी बुरशी मुद्दाम घातलेली असते. "ती पगारी बुरशी हाय. कामावर ठेवलीय तिला." सावंतांकडे त्याच चीजचा दुसरा पुडा होता. तो त्यांनी मॅडमच्या शब्दाखातर भीत भीत खाल्ला आणि त्यांना आवडलाही. पंधरा दिवसांनी उरलेल्या तुकड्यावर गुलाबी ठिपका दिसला. सावंत म्हणाले, ही पण पगारीच असेल. मॅडमनी भिंग लावलं, "ही नाय. ही न विचारता आत घुसलीय," म्हणाल्या आणि आख्खा तुकडा बाद केला. सावंत दोन दिवस हळहळत होते.

सगळं असं छान चाललं होतं. मग सोसायटीत मुलांचा कार्यक्रम आला.

सेक्रेटरींनी ऐंशी मुलांच्या सँडविचसाठी किसलेल्या चीजची मोठी पिशवी आणली होती. कसा कुणास ठाऊक, पिशवीच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. सेक्रेटरी म्हणाले, तेवढा कोपरा काढून टाकू. मॅडम म्हणाल्या, "किसलेला हाय तो. कंचा किस कुठं फिरला, तुमाला काय म्हायती?" सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, टेन्शन घेऊ नका, आमच्या जबाबदारीवर. त्यावर मॅडमनी ती पिशवी उचलली, खुर्चीवर बसून मांडीवर घेतली आणि उठल्याच नाहीत. तासभर. स्टेजवर मुलांचे नाच चालले होते आणि मागे मॅडम चीज सांभाळत बसल्या होत्या. दुकानं बंद व्हायला आली होती, ऐंशी मुलांना पुरेल एवढं चीज मोबाइलवरूनही मिळेना, शेवटी सगळ्या मुलांना नुसती चटणी सँडविच मिळाली. आमची आठ वर्षांची सई मोठ्याने रडली. त्या दिवसापासून मुलं त्यांना 'बुरशी आजी' म्हणायला लागली.

खरं सांगायचं तर मीही त्यांना म्हणालो होतो, "मॅडम, जाऊ द्या ना." त्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं. बरोबर कोण होतं ते मला तेव्हाही माहीत होतं, पण समोर सेक्रेटरी होते आणि सई रडत होती.

त्यानंतर त्यांची बेल वाजेनाशी झाली. कुणी ठरवून बहिष्कार वगैरे टाकला नाही. पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे चार गोष्टी ऐकायच्या, त्यापेक्षा तुकडा टाकावा आणि मोबाइलवरून दुसरा मागवावा, दहा मिनिटांत दारात येतो. आम्हीही तेच करायला लागलो. सकाळी मॅडम लिफ्टपाशी दिसायच्या. बादल्यांमध्ये चांगले अर्धे अर्धे तुकडे पडलेले असायचे. त्या बघायच्या, पण आता उचलायच्या नाहीत. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "तुमच्याकडं सगला बरा हाय ना?" मी म्हटलं, हो, सगळे मजेत. त्या चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत लिफ्टचे आकडे बघत राहिल्या. त्यांनी आमच्या तब्येतीची चौकशी केली नव्हती, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. त्यांना फ्रीजबद्दल विचारायचं होतं.

मला फार वाईट वाटलं. म्हणून मी एक उद्योग केला.

टणक चीजचा चांगला तुकडा घेतला, डब्यात घातला, वर ओलं फडकं ठेवलं आणि डबा किचनच्या वरच्या कपाटात लपवला. रोज ऑफिसला जाण्याआधी स्टुलावर चढून बघायचो. आयुष्यात पहिल्यांदाच मी बुरशीची वाट बघत होतो आणि ती येईना. सहाव्या दिवशी शीतलने मला स्टुलावर पकडलं. "फ्रीज धडधाकट असताना चीज माळ्यावर कशाला?" मी खरं कारण सांगितलं. तिने फडकं पुन्हा ओलं करून दिलं.

आठव्या दिवशी सुंदर हिरवी बुरशी आली. शनिवारी दुपारी मी मॅडमची बेल वाजवली.

दार उघडलं, माझ्या हातातला डबा बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. मला आत ओढलंच त्यांनी. कागद पसरला, चष्मा वर गेला, भिंग निघालं. "घाई नको. पयले बघूंदे." मी म्हटलं, मला मुळीच घाई नाही.

"किती दिस फ्रीजमधी व्हता?"

"दहा-बारा."

त्यांनी तुकडा उलटा केला. सुलटा केला. टूथपिक उचलली, पण रेघ मारली नाही. वरून विमान गेलं. ते लांब गेल्यावर त्यांनी टूथपिक खाली ठेवली.

"यो फ्रीजमधला नाय," त्या म्हणाल्या. "कडंनी तेल सुटलंय बघ. थंडीत बसलेल्या चीजला घाम येत नाय." भिंग खाली ठेवलं. "बाला, ही तू उगवलीस?"

मी कागदाकडे बघत राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, पण गृहपाठ न केलेल्या पोरासारखा बसलो होतो.

"माझ्यासाठी?"

मी मान हलवली. त्यांनी तो तुकडा कागदात नीट गुंडाळला. "बाहेर ठेवलेला टनक पन चालत नाय. आख्खा बाद." मग उठल्या आणि न विचारता दोन कप चहा टाकला. दुधासाठी फ्रीज उघडला तेव्हा मला आतलं दिसलं. जवळजवळ रिकामा फ्रीज. वरच्या कप्प्यात मात्र चीजचे चार सीलबंद ठोकळे, आणि त्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'मुलांच्या सँडविचसाठी'. खाली तारीख होती, कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवसाची.

"दुसऱ्या दिशी आनलं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पोरा रडली ना सगली. मी मनात बोलली, बोलवून करून देईन. पन बुरशी आजीकडं कोन येनार?" ते नाव त्यांना माहीत होतं तर. त्यांनी एक ठोकळा काढून मागे छापलेली मुदत वाचली. "अजून दोन म्हयने हायत."

चहा झाल्यावर दारापर्यंत सोडायला आल्या. माझा रिकामा डबा घासून हातात दिला. "पुढच्या टायमाला बुरशी नको आनू. पोरांना आन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सईला आणि बिल्डिंगमधल्या सहा मुलांना घेऊन गेलो. सई यायला तयार नव्हती. शीतलने तिला बाजूला घेऊन काय सांगितलं मला माहीत नाही, पण ती आली. मॅडमनी दारातच सगळ्यांचे हात पुढून-मागून तपासले, दोघांना परत धुवायला पाठवलं. ठोकळा फोडला, सँडविच केली, प्लेट मांडली. कुणी हात लावेना.

सईने विचारलं, "आजी, ह्यात बुरशी नाही ना?"

मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. मॅडमनी पर्समधून भिंग काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"तूच बघ. पन घाई नको."

सईने सँडविचचा वरचा ब्रेड उचलला. सात डोकी प्लेटवर वाकली. एकाने वास घ्यायला नाक पुढे केलं, तर सईनेच त्याच्या हातावर फटका मारला. तपासणी चांगली दहा मिनिटं चालली आणि मॅडम ओट्याला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. त्या दहा मिनिटांत त्यांनी चीजकडे एकदाही बघितलं नाही.