खप निरंक

घड्याळं दुरुस्त करणारा भाऊ सहा वर्षं ठणठणीत होता, आणि ते सरकारी दवाखान्यातल्या एका पांढऱ्या गोळीमुळे. त्याची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, दर महिन्याला गोळ्या आणायची. तिला सगळे बाईच म्हणत.

गेले तीन महिने ‘पुढच्या सोमवारी या’ ऐकत बाईंनी शिल्लक गोळ्या अर्ध्या करून निभावलं होतं; बाहेरची दुकानं ती ठेवत नसत. चौथ्या महिन्यात भांडारपालाने खिडकीतून सांगितलं, “बाई, ती गोळी यादीतून गेली. गेल्या तिमाहीत खप निरंक.”

“साठाच नव्हता, तर खप होणार कसा?”

“तेच वर कळवलंय,” तो समाधानाने म्हणाला. “साठा निरंक, खप निरंक. आकडे चोख जुळतात.”

बाई वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेल्या.

“रुग्णाला त्रास आहे?” साहेबांनी विचारलं.

“अजून नाही.”

“मग निकड सिद्ध होत नाही. त्रास झाला की या.”

गोळ्या संपल्यावर नवव्या दिवशी भावाने गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं उघडली. “ताई, हळू बोल,” तो म्हणाला, “ही सगळी माझ्याबद्दलच कुजबुजतायत.” बाई त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि बारीक चाकं एकेक करून ताटलीत वेचू लागल्या.

“आता निकड आहे,” साहेबांनी मान्य केलं. “अर्ज मात्र रुग्णाने स्वतः करायचा.”

भावाने सही केली. लेखनिकाने अर्ज परत दिला. “मनोरुग्णाची सही ग्राह्य नाही. पंचवीस शहाण्या नागरिकांच्या सह्या आणा, की आम्हाला या गोळीची गरज आहे.”

बाई दारोदार फिरल्या. निम्मी आळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सगळे हळहळले, सगळ्यांनी चहा केला.

“सही केली असती हो बाई, पण मुलीचं जुळत आलंय. लोक म्हणतील, यांच्याकडे कोण आहे?”

“आमच्या घरात असलं कुणी नाही, बाई. भावाला जपा.”

पंचवीस घरं, पंचवीस कप, सही एक नाही. कार्यालयाने शेरा मारला: शहाण्या नागरिकांत मागणी आढळली नाही. प्रकरण निकाली.

त्याच आठवड्यात ‘मुलीचं जुळत आलंय’ म्हणालेल्या शेजारीणबाई मागच्या दाराने आल्या. “कुणाला बोलू नका, पण एखादं पाकीट उरलंय का हो? आमच्या ह्यांना चार महिने...” बाईंनी सह्यांचा कागद पुढे केला. त्या आल्या तशा गेल्या.

शेवटी भावाला धरून-बांधून मनोरुग्णालयात भरती करावं लागलं. तिथे त्याला तीच गोळी मिळाली. भरती रुग्णांचा साठा वेगळा असतो. महिन्याभरात तो बरा झाला. बरा झाला म्हणून घरी सोडला, आणि घरी सोडला म्हणून गोळी बंद झाली.

बाई पुन्हा सह्या गोळा करत फिरताहेत. तुमच्या दारी आल्या तर तुम्ही सही करालच, त्याबद्दल कुणाला शंका नाही. फक्त नेमकं तेव्हाच घरात पेन सापडणार नाही.